सूक्ष्म आरएनएचा विसरलेला पूर्वार्ध

२०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना जाहीर झाले, तेव्हा सूक्ष्म आरएनएची, म्हणजे मायक्रोआरएनएची, कथा बहुतेक ठिकाणी एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीपासून सांगितली गेली. डिसेंबर १९९३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोघांचे निबंध आले होते. लिन-४ हे जनुक प्रथिन बनवतच नाही, त्यातून निघतो तो अवघ्या २२ अक्षरांचा आरएनए, आणि तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्यापासून प्रथिन बनू देत नाही, असे त्यांत दाखवले होते. कृमीपुरती ही सुरुवात बरोबरच आहे. ऑटोइम्यून आजारांच्या, म्हणजे ज्यांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते अशा आजारांच्या बाबतीत मात्र ती चुकीच्या ठिकाणी झालेली सुरुवात आहे. इथे प्रथिन न बनवणारे छोटे आरएनए चौदा वर्षे आधीच, १९७९ साली, रोग्यांच्या रक्तातून समोर आले होते, आणि तेही वेगळ्याच भूमिकेत. ते जनुकांना वेसण घालत नव्हते. प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्याचे ते लक्ष्य होते. पुढे मायक्रोआरएनएची लाट आली आणि ही पहिली भूमिका पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत गेली. माझे म्हणणे असे की पुराव्याच्या तराजूत ही तळटीपच जड आहे, आणि गेल्या वीस वर्षांतल्या मायक्रोआरएनएच्या संशोधनाचा खरा अर्थही तिच्यामुळेच लागतो.

पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर असे मांडले होते की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणे टाळतेच. या मताचा दबदबा इतका, की उलट पुरावे असूनही अर्धे शतक त्यांच्याकडे फारसे कुणी वळले नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपस या ऑटोइम्यून आजाराच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत चमत्कारिक पेशी दिसल्या: पांढऱ्या पेशींनी दुसऱ्या पेशींची केंद्रके गिळलेली. केंद्रकाविरुद्धचे प्रतिपिंड हे त्यामागचे कारण, हे १९५० च्या दशकात स्पष्ट झाले. प्रश्न उरला तो केंद्रकातल्या नेमक्या कोणत्या पदार्थाविरुद्ध, हा. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांनी ल्युपसच्या सीरममधून एक विरघळणारा केंद्रकीय घटक वेगळा ओळखला आणि ज्या रुग्णाच्या सीरमवर काम झाले त्याच्या आडनावावरून त्याला ‘एसएम’ म्हटले. काही वर्षांनी गॉर्डन शार्प यांनी ल्युपस, स्क्लेरोडर्मा आणि स्नायुदाह यांची लक्षणे एकत्र दिसणाऱ्या रुग्णांमध्ये त्याच्याच जवळचा पण वेगळा, ‘आरएनपी’ नावाचा प्रतिपिंड पाहिला. त्याचे लक्ष्य आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमने नष्ट होत होते. एसएमवर मात्र त्या एन्झाइमचा परिणाम होत नव्हता. आरएनए या प्रकरणात कुठेतरी गुंतलेला आहे याची ही पहिली खूण. पण त्या काळी माहीत असलेले आरएनए म्हणजे संदेशवाहक, रायबोसोमचे आणि अमिनो आम्ले वाहून आणणारे. ह्यूस्टनच्या बेलर महाविद्यालयात हॅरिस बुश यांच्या प्रयोगशाळेने केंद्रकातून युरिडिनने समृद्ध असे छोटे आरएनए वेगळे काढून त्यांना यू१, यू२ असे क्रमांक दिले होते खरे, पण त्यांचे काम काय, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

हा धागा जुळला तो येल विद्यापीठात. जोन स्टाइट्झ यांना या यू आरएनएंबरोबर राहणारी प्रथिने हवी होती, आणि त्यासाठी त्यांना पकडणारे प्रतिपिंड हवे होते. त्यांच्या प्रयोगशाळेत वैद्यक आणि संशोधन अशा दोन्ही पदव्यांसाठी शिकणारा मायकेल लर्नर हा विद्यार्थी होता. प्राण्यांना टोचून प्रतिपिंड मिळवण्याची खटपट करण्याऐवजी त्याने येलमधलेच संधिवाततज्ज्ञ जॉन हार्डिन यांच्याकडून ल्युपसच्या रुग्णांचे सीरम आणले. प्रयोग दिसायला साधा होता. पेशींना किरणोत्सारी फॉस्फरस द्यायचा, त्यांचा अर्क काढायचा, त्यात रुग्णाचे सीरम घालायचे, सीरममधले प्रतिपिंड जे काही धरून ठेवतील ते गाळून घ्यायचे, आणि त्यातला आरएनए जेलवर पसरून पाहायचा. एसएम प्रतिपिंडांनी यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ असे सगळे एकदम ओढून आणले. शार्प यांच्या आरएनपी प्रतिपिंडांनी फक्त यू१ आणला. म्हणजे दोन्ही आजारांतले रुग्ण एकाच कुटुंबातल्या रेणूंवर, पण वेगवेगळ्या जागी, निशाणा साधत होते. १९७९ च्या त्या निबंधाने आरएनए आणि प्रथिन यांचे छोटे संयुक्त कण, स्नर्प, जीवशास्त्राला मिळवून दिले. पुढच्याच वर्षी लर्नर, स्टाइट्झ आणि सहकाऱ्यांनी यू१ च्या सुरुवातीचा क्रम पाहिला. जनुकाच्या कच्च्या संदेशात जिथून निरुपयोगी भाग कापून काढायचा असतो, त्या जागेच्या क्रमाशी तो जुळत होता. ही काटछाट, स्प्लायसिंग, १९७७ मध्येच फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी शोधली होती. ती करते कोण, हे कळायचे होते. १९८३ मध्ये ल्युपसचे सीरम पेशींच्या अर्कात घातल्यावर काटछाट थांबते हे दिसले आणि तर्काला प्रयोगाचा आधार मिळाला.

जीवशास्त्रातल्या एवढ्या मूलभूत शोधाचे हत्यार आजाऱ्यांच्या रक्तातून मिळाल्याची उदाहरणे फार नाहीत. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की हा योगायोग एकदाच घडून थांबला नाही. १९८१ मध्ये त्याच प्रयोगशाळेने रो आणि ला या दोन प्रतिपिंडांच्या मदतीने पेशीद्रवातले वाय आरएनए शोधले. १९८३ मध्ये स्नायुदाहाच्या रुग्णांमधला जो-१ प्रतिपिंड हिस्टिडिन वाहून आणणाऱ्या ट्रान्सफर आरएनएच्या एन्झाइमवर जाऊन बसतो हे कळले. स्क्लेरोडर्माच्या काही रुग्णांचे प्रतिपिंड यू३ हा केंद्रिकेतला छोटा आरएनए धरून ठेवणाऱ्या कणांवर आढळले. आज पुण्यामुंबईच्या कुठल्याही मोठ्या पॅथॉलॉजी लॅबच्या एएनए प्रोफाइलचा अहवाल पाहिला तर आरएनपी, एसएम, एसएस-ए, एसएस-बी, जो-१ ही नावे एकाखाली एक छापलेली असतात. यातले एसएस-ए म्हणजे रो आणि एसएस-बी म्हणजे ला. यादीत इतर नावेही असतात, पण आरएनएला धरून राहणाऱ्या कणांची ही गर्दी डोळ्यांत भरते. पेशीत हजारो प्रथिने असताना आजार पुन्हा पुन्हा इथेच का येतो, हा प्रश्न १९८० च्या दशकातच विचारायला हवा होता. त्याऐवजी ही सीरमे रेणूजीवशास्त्राची अवजारे झाली आणि रुग्णालयात निदानाच्या चाचण्या. कारणाचा विचार मागे राहिला.

त्यानंतर आली दुसरी लाट, आणि ती जोरात आली. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या गटाने शोधलेला लेट-७ माणसापासून माशीपर्यंत सर्वत्र सापडला. २००१ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात तीन गटांनी मायक्रोआरएनएची मोठी कुटुंबे जाहीर केली. प्रतिकारयंत्रणा हे त्यांच्या अभ्यासाचे आवडते क्षेत्र ठरले, आणि उंदरांतले निकाल खरोखरच ठसठशीत होते. २००६ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या गटाने दाखवले की मिर-१४६ए हा रेणू ट्रॅफ६ आणि इरॅक१ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनांना आवर घालतो. २०११ मध्ये तो काढून टाकलेल्या उंदरांना वयानुसार ऑटोइम्यून विकार जडला. मिर-१५५ ची गोष्ट उलट दिशेची. तो नसलेले उंदीर मल्टिपल स्क्लेरोसिसच्या प्रायोगिक रूपाला आणि कोलॅजनने उद्भवणाऱ्या सांधेदाहाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. २००८ मध्ये तीन गटांनी नियामक टी पेशींमधून डायसर, म्हणजे मायक्रोआरएनए कापून तयार करणारे एन्झाइम, काढून टाकले, तर उंदीर जीवघेण्या ऑटोइम्यून आजाराने दगावले. त्याच वर्षी मिर-१७-९२ हा गुच्छ लसिका पेशींत जास्त प्रमाणात बनवला असता गाठी वाढल्या, स्वतःविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले आणि उंदीर लवकर मेले. मायक्रोआरएनए प्रतिकारयंत्रणेला आवरतात, चेतवतात, आणि त्यांचा तोल गेला की आजार होऊ शकतो, हे यानंतर नाकारणे शक्य नव्हते.

पण ‘होऊ शकतो’ आणि ‘रुग्णाला त्यामुळेच झाला’ यांत बरेच अंतर आहे, आणि या क्षेत्राने ते फार घाईने ओलांडले. ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तपेशींत मिर-१४६ए कमी असल्याचे शांघायमधल्या नान शेन यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले. त्याच्या वर्षभर आधी रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या सांध्यांच्या आवरणात तोच रेणू वाढलेला दिसला होता. एकाच वेसणेची एका आजारात कमतरता आणि दुसऱ्यात सुकाळ. याचा अर्थ लावता येतो: दाह पेटला की हा रेणू आपोआप वाढतो, म्हणून वाढ हा दाहाचा परिणामही असू शकतो. पण मग केवळ मोजमापावरून कारण ठरवता येत नाही, हेही मान्य करावे लागते. त्यात रुग्णांच्या रक्तातल्या पेशींचे मिश्रणच निरोग्यांपेक्षा वेगळे असते, स्टेरॉइडे चालू असतात, एका मायक्रोआरएनएची लक्ष्ये अनेक असतात. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरोला विनुएसा यांच्या गटाने रोक्विन या जनुकातल्या बदलामुळे ल्युपससारखा आजार होणारा उंदीर वर्णन केला. दोन वर्षांनी रोक्विन मिर-१०१ च्या मदतीने आयकॉस हा संदेश दाबतो असे मांडले गेले. मायक्रोआरएनए आणि ल्युपस यांची इतकी नेटकी साखळी तोवर कुणी दाखवली नव्हती. २०१० मध्ये जर्मनीतल्या एका गटाने दाखवले की रोक्विन हे काम मायक्रोआरएनएशिवायही करू शकतो. उंदराचा आजार खरा होता, जनुकही खरे होते. सैल झाली ती मधली मायक्रोआरएनएची कडी.

या गडबडीत, जवळजवळ नकळत, जुन्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच दाराने आले. २००४ मध्ये कळले की टीएलआर७ हा ग्राहक विषाणूंचा एकपदरी आरएनए ओळखतो. तो पेशीच्या पृष्ठभागावर नसतो, तर आत घेतलेल्या पदार्थांच्या पिशव्यांमध्ये असतो. म्हणजे सामान्यतः स्वतःच्या केंद्रकातला आरएनए त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पण मेलेल्या पेशीतून बाहेर पडलेला स्नर्प एसएम प्रतिपिंडाने पकडला आणि तो जोड एखाद्या पेशीने गिळला, की यू१ आरएनए नेमका त्या पिशवीत येऊन पडतो. २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले की यू१ सारखे आरएनए टीएलआर७ आणि टीएलआर८ यांना चेतवतात, आणि ज्या बी पेशीचा ग्राहक आरएनए असलेल्या कणाला चिकटतो ती पेशी टीएलआर७ चीही साथ मिळाल्याने दुप्पट जोराने पेटते. उप्सालामधल्या लार्स रॉनब्लॉम यांच्या गटाने असेच कण प्रतिकारयंत्रणेच्या काही पेशींकडून इंटरफेरॉन अल्फा हा विषाणूविरोधी रेणू बनवून घेतात हे सिद्ध केले होते, आणि ल्युपसच्या रक्तात इंटरफेरॉनचा ठसा २००३ मध्येच उमटला होता. आरएनए धारण करणारे कणच पुन्हा पुन्हा लक्ष्य का होतात, याचे कारण आता समोर होते: शरीराच्या दृष्टीने तेच विषाणूसारखे दिसतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. एसएम प्रतिपिंड तर प्रथिनाला चिकटतो, आरएनएला नाही; मग आरएनए केवळ सोबतचा प्रवासी कशावरून नाही? याचे उत्तर उंदरांनी दिले. २००६ मध्ये टीएलआर७ नसलेल्या ल्युपसप्रवण उंदरांनी एसएमसारख्या आरएनएच्या कणांविरुद्ध प्रतिपिंड बनवलेच नाहीत आणि त्यांचा आजारही सौम्य राहिला. आरएनए ओळखणाराच नसेल तर प्रथिनाविरुद्धचा हल्लाही उभा राहत नाही, म्हणजे प्रवासी म्हटलेला आरएनएच गाडी हाकत असतो. त्याच अभ्यासात दुसऱ्या आक्षेपालाही उत्तर होते. ल्युपसचा सर्वांत ओळखीचा प्रतिपिंड डीएनएविरुद्धचा, मग आरएनएचे कौतुक कशाला, असे विचारले जाते. डीएनए ओळखणारा टीएलआर९ काढून टाकल्यावर क्रोमॅटिनविरुद्धचे प्रतिपिंड थांबले, पण उंदरांचा आजार उलट बिघडला. शिवाय त्याच वर्षी आणखी एक जुने कोडे सुटले. एका विशिष्ट जातीत नर उंदरांना लवकर ल्युपस होतो. त्यांच्या वाय गुणसूत्रावर, एक्स गुणसूत्राचा टीएलआर७ असलेला तुकडा येऊन बसलेला असल्याचे दोन गटांना आढळले. एका जास्तीच्या प्रतीने रोग, तोही आरएनएविरुद्धच्या प्रतिपिंडांसह. माणसात टीएलआर७ एक्स गुणसूत्रावरच असतो, आणि स्त्रियांच्या काही पेशींत त्याची दुसरी प्रतही बंद होत नाही, असे फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. ल्युपस स्त्रियांना पुरुषांच्या सुमारे नऊपट होतो त्याचे निदान एक अंशतः स्पष्टीकरण यातून मिळते.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अमेरिकी सैन्याच्या साठवलेल्या सीरमवर २००३ साली झालेल्या अभ्यासात, ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ८८ टक्क्यांच्या रक्तात निदानाच्या आधीच एखादा तरी स्वप्रतिपिंड होता. रो आणि ला लवकर दिसले. एसएम आणि आरएनपी मात्र बरेच उशिरा, आजार उघड होण्याच्या अगदी आधी. शेवटी उगवणारी गोष्ट मूळ कारण कशी? माझ्या मते ही काळरेषा दाव्याला मर्यादा घालते, तो खोडत नाही. स्नर्पविरुद्धचा हल्ला ठिणगी नसेलही; पण आजार शांत अवस्थेतून भडकण्याच्या वेळी तो येतो हे सूचक आहे. आणि रोच्या कणातही वाय आरएनए असतोच. रो प्रतिपिंड असलेल्या आईच्या काही बाळांच्या हृदयाचे ठोके गर्भातच अडखळतात, त्यातही आरएनएने चेतवलेल्या मॅक्रोफेजचा हात असल्याचे प्रयोग आहेत. मूळ कारणाचा माणसातला पुरावा मात्र २०२२ मध्येच आला. विनुएसा यांच्याच गटाने बालपणीच तीव्र ल्युपस झालेल्या एका स्पॅनिश मुलीच्या टीएलआर७ मध्ये एकाच अमिनो आम्लाचा बदल सापडल्याचे जाहीर केले. या बदलाने ग्राहक ग्वानोसिन या आरएनएच्या घटकाला जास्तच संवेदनशील होतो. तोच बदल उंदरात घातल्यावर उंदरालाही ल्युपस झाला. त्याच्या दोन वर्षे आधी यानिक क्रो यांच्या गटाने लहान मुलांच्या मेंदूला ग्रासणाऱ्या एका इंटरफेरॉनजन्य आजाराचे एक कारण यू७ या छोट्या आरएनएच्याच जनुकात शोधले होते. मायक्रोआरएनएच्या बाजूने इतका थेट मानवी पुरावा अजून उभा राहिलेला नाही. मिर-१४६एच्या नियंत्रक भागातला एक बदल आशियाई लोकांत ल्युपसचा धोका वाढवतो, ही त्यातली सर्वांत भक्कम नोंद. पण तो धोका थोडा वाढवतो, आजार घडवत नाही.

याचा अर्थ मायक्रोआरएनएला बाजूला सारायचे असा नाही. दोन्ही भूमिका एकाच रस्त्यावर येऊन भेटतात, हेच जुना पूर्वार्ध आठवल्यावर दिसते. इरॅक१ आणि ट्रॅफ६, ज्यांना मिर-१४६ए दाबतो, ते टीएलआर७ चेच निरोप पुढे नेणारे रेणू आहेत. ल्युपसमध्ये मिर-१४६ए कमी असणे म्हणूनच महत्त्वाचे: स्वतःच्या आरएनएने पेटवलेल्या आगीवरचा लगाम सैल झालेला. आणि सीमारेषा इथेच पुसट होते. लेट-७ या मूळ मायक्रोआरएनएलाच मेंदूतल्या पेशींचा टीएलआर७ ओळखतो, हे २०१२ मध्ये बर्लिनमधल्या गटाने दाखवले. ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातील सूक्ष्म पुटिकांमधले मायक्रोआरएनए टीएलआर७ मार्फत इंटरफेरॉन वाढवतात, हे पुढे इटलीतून आले. जनुके आवरणारा रेणू पेशीबाहेर पडला की स्वतःच चेतवणारा होतो. दोन गटांनी दोन वेगळी शास्त्रे म्हणून ज्यांचा अभ्यास केला, ते रेणू पेशीच्या आत किंवा बाहेर असण्यानेच आपली भूमिका बदलत होते.

उपचारांचा इतिहासही याच बाजूने बोलतो, थोडा उपरोधाने. १९५१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फ्रान्सिस पेज यांनी मेपॅक्रिन या मलेरियाच्या औषधाने ल्युपसचे त्वचेवरचे चट्टे सुधारल्याचे लिहिले. त्यातून आलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आजही ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला दिले जाते. ते पेशीच्या त्या पिशव्यांमधले टीएलआरचे काम मंदावते, हे कळायला अर्धशतक गेले. २०२१ मध्ये मान्यता मिळालेले अॅनिफ्रोलुमॅब इंटरफेरॉनचा ग्राहकच अडवते. मायक्रोआरएनएच्या औषधांची वाट खडतर ठरली. मिर-३४एची नक्कल असलेले एक कर्करोगाचे औषध २०१६ मध्ये प्रतिकारयंत्रणेशी संबंधित गंभीर दुष्परिणामांमुळे मागे घ्यावे लागले. मिर-१५५ ला अडवणारे कोबोमार्सेन लसिका पेशींच्या कर्करोगासाठीच आजमावले गेले आणि तिथेच थांबले. जे औषध पुढे आले ते वेगळ्याच मार्गाने: फ्रान्समधल्या अबिव्हॅक्स कंपनीचे ओबेफॅझिमोड, ज्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्या चाचण्यांचे अनुकूल निकाल २०२५ मध्ये जाहीर झाले. ते स्वतः मायक्रोआरएनए नाही. एका लांब आरएनएची स्प्लायसिंगने होणारी काटछाट ते वाढवते आणि त्यातून मिर-१२४ जास्त तयार होतो. आतड्याचा दाह ज्याने उतरतो तो मिर-१२४ च की औषधाचे इतरही काही परिणाम, याचा निवाडा अजून व्हायचा आहे.